क्रॉस-कंपायलर टूलचेन: आधी बोर्डाची चौकशी, मग फ्लॅग

तपकीर गल्लीतून रास्पबेरी पाय झिरो आणायचा, लॅपटॉपवरच्या उबुंटूत आर्मचा तयार क्रॉस-कंपायलर, म्हणजे एका प्रोसेसरवर चालून दुसऱ्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम बांधणारा कंपायलर, एका आज्ञेत बसवायचा, छोटासा सी प्रोग्रॅम कंपाइल करून बोर्डावर टाकायचा आणि स्क्रीनवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ वाचायचं. पुण्यात एम्बेडेड शिकणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात इथून होते. मग नेटवर सापडेल तो फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायचा पर्याय, जोडून पाहायचा, पुन्हा कंपाइल करायचं, पुन्हा तोच संदेश. भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी कंट्रोलर बनवणाऱ्या छोट्या टीमचेही दिवस यातच जातात, आणि ते वाया जायचं काही कारण नाही.

टूलचेन म्हणजे कंपायलर, लिंकर आणि लायब्ररी यांचा संच. तिच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचं मूळ चार ठिकाणी असतं: प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना, फंक्शनांनी एकमेकांकडे किमती कशा सोपवायच्या याचा नियम म्हणजे एबीआय, सी लायब्ररी आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. या चारही बाबतींत टूलचेन आणि बोर्ड यांचं जमलं की प्रोग्रॅम चालतो. कुठे जमलेलं नाही हे अंदाज बांधत बसायची गरज नसते. बोर्डही ते सांगतो आणि कंपाइल होऊन तयार झालेली फाइल, म्हणजे बायनरीही सांगते. विचारायचं कसं, ते पुढे लिहितो. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

बोर्डाची चौकशी

लॅपटॉपवर काहीही बसवण्याआधी बोर्डावर लॉगिन करा. ‘यूनेम डॅश एम’ सगळेच चालवतात, पण त्यावर विसंबू नका. रास्पबेरी पाय ४ वर ३२ बिटांची सिस्टीम असली तरी कर्नल ६४ बिटांचा असू शकतो. तेव्हा यूनेम ‘एआर्च६४’ म्हणतो आणि लायब्ररी मात्र सगळ्या ३२ बिटांच्या असतात. ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ ही आज्ञा खरं उत्तर देते. डेबियन कुळातली सिस्टीम असेल तर ‘डीपीकेजी’ला ‘प्रिंट-आर्किटेक्चर’ विचारा.

मग ‘प्रॉक’मधली ‘सीपीयूइन्फो’ फाइल वाचा. ३२ बिटांच्या आर्मवर ‘फीचर्स’ या ओळीत व्हीएफपी (दशांश गणिताचं हार्डवेअर), निऑन (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणारं हार्डवेअर) वगैरे नावं दिसतात. निऑन नसेल तर ते गृहीत धरणारा कोड चालणार नाही. ‘एलडीडी डॅश डॅश व्हर्जन’ ग्लिबसीची, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीची, आवृत्ती सांगतो, ‘यूनेम डॅश आर’ कर्नलची. शेवटी बोर्डावरचा कोणताही चालणारा प्रोग्रॅम, समजा ‘एलएस’, घेऊन त्यावर ‘रीडएल्फ डॅश एल’ चालवा आणि ‘इंटरप्रिटर’ची, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडून देणाऱ्या डायनॅमिक लिंकरची, ओळ पाहा. हार्ड-फ्लोट आर्मवर तिथे ‘एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३’ असतं, सॉफ्ट-फ्लोटवर ‘एलडी-लिनक्स.एसओ.३’, आणि ६४ बिटांच्या आर्मवर ‘एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१’. ही सगळी उत्तरं प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एका मजकूर-फाइलीत लिहून ठेवा. पुढची प्रत्येक निवड तिच्याकडे बघून करायची आहे.

टूलचेनचं नाव वाचायचं कसं

‘आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ’ या नावात आधी प्रोसेसरचं कूळ येतं, मग ऑपरेटिंग सिस्टीम, मग सी लायब्ररी आणि एबीआय. शेवटचं ‘एचएफ’ म्हणजे हार्ड-फ्लोट: दशांश संख्या फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांतून सोपवायच्या. मधे ‘लिनक्स’ऐवजी ‘नन’ दिसलं, उदाहरणार्थ ‘आर्म-नन-ईएबीआय’, तर ती टूलचेन ऑपरेटिंग सिस्टीम नसलेल्या मायक्रोकंट्रोलरसाठी आहे. तिने लिनक्सचे प्रोग्रॅम बांधता येत नाहीत. नवशिके इथे हमखास अडकतात, कारण दोन्ही नावांच्या सुरुवातीला ‘आर्म’ असतं.

नावात न दिसणारी गोष्ट म्हणजे सूचनासंचाची किमान पातळी. उबुंटू आणि डेबियनची एचएफ टूलचेन आर्मव्ही७ धरून चालते. पाय झिरो आणि पहिल्या पायमध्ये बीसीएम२८३५ चिप आहे, तिच्यातला आर्म११७६ गाभा आर्मव्ही६ आहे. रास्पबेरी पाय ओएस स्वतःला ‘आर्मएचएफ’च म्हणवते, पण ती आर्मव्ही६ साठी बांधलेली असते. नाव तेच, पातळी वेगळी. सुरुवातीच्या ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’चं कारण हे.

यावर सूचनासंच ठरवणाऱ्या ‘डॅश एमआर्च’ ला आर्मव्ही६ द्यावं असं वाटतं. तेवढ्याने भागत नाही. तो फ्लॅग फक्त तुमच्या कोडला लागू होतो. सोबत जोडल्या जाणाऱ्या ‘सीआरटी१.ओ’सारख्या सुरुवातीच्या फाइली आणि ‘लिबजीसीसी’ आधीच आर्मव्ही७ साठी कंपाइल होऊन पॅकेजमध्ये आलेल्या असतात. त्यामुळे बायनरी ‘मेन’पर्यंत पोहोचण्याआधीच कोसळू शकते. पाय झिरोसाठी वेगळी टूलचेनच लागते. पाय झिरो २ ला ही अडचण नाही, त्यात कॉर्टेक्स-ए५३ आहे.

तयार घ्यायची की बांधायची

बोर्ड आर्मव्ही७, एआर्च६४ किंवा आरव्ही६४जीसी (६४ बिटांचा रिस्क-फाइव्ह) असेल आणि त्यावरची ग्लिबसी लॅपटॉपवरच्या टूलचेनइतकी किंवा तिच्याहून नवी असेल, तर वितरणातलं तयार पॅकेज घ्या. उगाच बांधत बसू नका. बीगलबोन ब्लॅकसारख्या कॉर्टेक्स-ए८ बोर्डाला ते छान चालतं.

या अटी पुऱ्या होत नसतील तर क्रॉसटूल-एनजी, म्हणजे टूलचेन बांधून देणारं साधन. हाताने टूलचेन बांधायची तर क्रम असा: बिनयूटिल्स (असेंब्लर आणि लिंकर), मग नुसत्या सी पुरता अर्धा जीसीसी (कंपायलर), मग कर्नलचे हेडर, मग सी लायब्ररी, मग त्या लायब्ररीच्या आधारावर पूर्ण जीसीसी. लायब्ररीला कंपायलर लागतो आणि पूर्ण कंपायलरला लायब्ररी, म्हणून जीसीसी दोनदा बांधावा लागतो. हा क्रम एकदा समजून घ्यावा. रोजचं काम मात्र क्रॉसटूल-एनजीवर सोपवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘सीटी-एनजी लिस्ट-सॅम्पल्स’ने नमुन्यांची यादी काढा, आपल्या बोर्डाच्या सर्वांत जवळचा नमुना निवडा आणि ‘सीटी-एनजी मेन्यूकॉन्फिग’ उघडा. बदलायच्या जागा थोड्याच असतात. पाय झिरोसाठी ‘टार्गेट ऑप्शन्स’मध्ये सीपीयू आर्म११७६जेझेडएफ-एस, एफपीयू व्हीएफपी आणि फ्लोटिंग पॉइंट हार्डवेअर. ग्लिबसी बोर्डावर आहे तेवढीच किंवा जुनी, लिनक्स हेडरही बोर्डाच्या कर्नलइतके किंवा जुने. हेडर नवे घेतले तर एक छुपा परिणाम होतो: ग्लिबसीने चालवून घ्यायचा किमान कर्नल क्रॉसटूल-एनजी मुळात हेडरच्या आवृत्तीवरून ठरवतो, आणि मग बोर्डावर ‘फेटल: कर्नल टू ओल्ड’ एवढाच संदेश येऊन प्रोग्रॅम मरतो.

जीसीसी मात्र नवा घ्यायला हरकत नाही. सी++ असेल तर बोर्डावर ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ची अमुक आवृत्ती सापडत नाही अशी तक्रार येईल, तेव्हा लिंक करताना ‘डॅश स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ द्या.

बांधणी सुरू होण्याआधी तीन गोष्टी पाहा: तुम्ही रूट नाही ना, फोल्डरच्या मार्गात कुठे स्पेस नाही ना, आणि ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ रिकामा आहे ना. यातलं काहीही चुकलं तर बांधणी सुरू होत नाही किंवा अर्ध्यात विचित्र ठिकाणी अडकते. डीबगच्या विभागात ‘सेव्ह इंटरमीडिएट स्टेप्स’ चालू करून ठेवा. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा याचं मोल कळतं: ‘सीटी-एनजी लिस्ट-स्टेप्स’मधून पायरीचं नाव घ्यायचं, त्यामागे अधिकचं चिन्ह लावायचं आणि तिथून पुढे सुरू करायचं.

बांधणी फसली तर स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचून काही कळत नाही. ‘बिल्ड.लॉग’ उघडा आणि पहिला ‘एरर’ शब्द शोधा. एकाच वेळी अनेक कामं चाललेली असल्यामुळे मूळ चूक बरीच वर दडलेली असते. पूर्ण झालेली टूलचेन तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘एक्स-टूल्स’मध्ये सापडेल, तिचा ‘बिन’ फोल्डर ‘पाथ’मध्ये जोडा.

सिसरूट

सिसरूट म्हणजे बोर्डाच्या फाइल सिस्टीमची लॅपटॉपवर ठेवलेली प्रत. कंपायलर हेडर आणि लायब्ररी तिच्यातून घेतो. बोर्डावर आधी ‘लिबसी६-डेव्ह’ आणि लागतील ती बाकीची ‘डेव्ह’ पॅकेजं बसवा, मग ‘आरसिंक’ने ‘लिब’, ‘यूएसआर’मधला ‘इन्क्लूड’ आणि ‘यूएसआर’मधला ‘लिब’ लॅपटॉपवर आणा. नव्या वितरणांत वरचा ‘लिब’ हा स्वतःच सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा असतो, तो सिमलिंक म्हणूनच टिकवा.

इथला सर्वांत त्रासदायक मुद्दा पूर्ण मार्गाच्या सिमलिंकचा. ‘/लिब/…’कडे बोट दाखवणारा सिमलिंक लॅपटॉपवर आला की तो लॅपटॉपच्याच ‘लिब’कडे बोट दाखवतो. मग लिंकर एकतर फाइल नाही म्हणतो किंवा इंटेलची लायब्ररी उचलून ‘स्किपिंग इन्कम्पॅटिबल’ असं छापतो. ‘सिमलिंक्स’ नावाचं छोटं साधन आहे, त्याला आर आणि सी हे पर्याय दिले की सगळे दुवे सापेक्ष होतात. दर वेळी आरसिंक केल्यावर ते पुन्हा चालवावं लागतं.

दुसरा मुद्दा मल्टिआर्चचा. डेबियन कुळात लायब्ररी थेट ‘यूएसआर/लिब’मध्ये नसतात, त्याखालच्या ‘आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ’ या उपफोल्डरमध्ये असतात. क्रॉसटूल-एनजीने बांधलेल्या जीसीसीला ही रचना मुळात ठाऊक नसते, म्हणून ‘कॅनॉट फाइंड सीआरटी१.ओ’. त्या उपफोल्डरचा मार्ग ‘डॅश कॅपिटल बी’ने द्या म्हणजे सुरुवातीच्या फाइली सापडतील, ‘डॅश कॅपिटल एल’ने द्या म्हणजे लायब्ररी सापडतील, आणि ‘आरपाथ-लिंक’नेही द्या म्हणजे लायब्ररींना लागणाऱ्या लायब्ररी सापडतील. हेडरचाही तसाच उपफोल्डर असतो, तो ‘डॅश आयसिस्टम’ने जोडा.

कंपायलर खरोखर कोणता सिसरूट वापरतोय हे ‘डॅश प्रिंट-सिसरूट’ सांगतो. कोणत्या फाइली जोडल्या जात आहेत ते पाहायला लिंकरला ‘ट्रेस’ द्या. प्रत्येक फाइलीचा पूर्ण मार्ग छापला जातो आणि लॅपटॉपची घुसलेली लायब्ररी लगेच दिसते.

बिल्ड सिस्टीमला समजावणं

सीमेक या बिल्ड साधनासाठी एक टूलचेन फाइल लिहा. तिच्यात सिस्टीमचं नाव लिनक्स, प्रोसेसर, दोन्ही कंपायलर आणि सिसरूट. त्यानंतरच्या ‘फाइंड रूट पाथ मोड’च्या ओळी गाळू नका: प्रोग्रॅमसाठी ‘नेव्हर’, लायब्ररी, इन्क्लूड आणि पॅकेजसाठी ‘ओन्ली’. प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवायचे असतात, लायब्ररी बोर्डाच्या हव्या असतात, म्हणून हा भेद. टूलचेन फाइल बदलल्यावर जुना बिल्ड फोल्डर पुसून टाका, कारण कंपायलरची माहिती कॅशमध्ये गोठलेली असते.

ऑटोटूल्समध्ये ‘होस्ट’ या पर्यायाला बोर्डाचं नाव द्यायचं, ‘टार्गेट’ला नाही. ‘टार्गेट’ फक्त कंपायलरच बांधत असाल तेव्हा लागतो. लिंक करताना ‘आरपीएल_मॅलॉक’ सापडत नाही अशी चूक आली तर कॉन्फिगर स्क्रिप्टला बोर्डाचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवून पाहता आला नाही आणि तिने वाईटात वाईट गृहीत धरलं, एवढाच अर्थ. ‘एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल’ला ‘येस’ देऊन कॉन्फिगर पुन्हा चालवा.

पॅकेज-कॉन्फिगच्या बाबतीत ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ पुरत नाही. तो मार्ग नुसता भर घालतो, लॅपटॉपचे मार्ग तसेच राहतात. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ने जुने मार्ग बाजूला होतात आणि ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर’ने पुढे सिसरूट लागतो, दोन्ही हवेत. कर्नल किंवा मॉड्यूल बांधताना ‘क्रॉस_कंपाइल’च्या किमतीत शेवटचा डॅश राहू द्या, आणि ‘आर्च’मध्ये कर्नलची नावं वापरा: तिथे ‘आर्म६४’ असतं, ‘एआर्च६४’ नाही.

बोर्डावर चालवल्यावर येणाऱ्या चुका

‘एक्झेक फॉर्मॅट एरर’ सर्वांत सोपी: बायनरी भलत्याच प्रोसेसरची आहे. ‘फाइल’ ही आज्ञा चालवा, बहुतेक वेळा मेकफाइलने लॅपटॉपचाच ‘जीसीसी’ वापरलेला असतो.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ माणसाला वेड लावते, कारण फाइल तर समोर दिसत असते. न सापडलेली फाइल तुमची नसून तुमच्या बायनरीला लागणारा डायनॅमिक लिंकर असतो. ‘रीडएल्फ डॅश एल’ने इंटरप्रिटरची ओळ काढा आणि बोर्डाच्या चौकशीत लिहून ठेवलेल्या ओळीशी ताडा. हार्ड-फ्लोट बायनरी सॉफ्ट-फ्लोट सिस्टीमवर, ग्लिबसीची बायनरी मसल ही दुसरी सी लायब्ररी वापरणाऱ्या सिस्टीमवर किंवा ३२ बिटांची निव्वळ ६४ बिटांच्या सिस्टीमवर नेली की हेच होतं.

हाच घोटाळा लिंक करताना लवकर पकडला गेला तर संदेश वेगळा दिसतो: ‘यूझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स, आउटपुट डझ नॉट’. काही फाइली हार्ड-फ्लोट आहेत, काही नाहीत. ‘रीडएल्फ डॅश कॅपिटल ए’ प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीवर चालवा आणि ‘टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज’ पाहा. दोषी बहुधा बाहेरून मिळालेली, सोर्स नसलेली लायब्ररी असते. ती बदलता येत नसेल तर सगळा प्रकल्प तिच्या एबीआयवर न्यावा लागतो. फ्लॅगने दोन एबीआय एकत्र नांदवता येत नाहीत.

‘जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड’. अगदी साध्या प्रोग्रॅमलाही ही चूक का येते, याला कारण आहे. २०२१ मधल्या ग्लिबसी २.३४ ने पीथ्रेड लायब्ररी मुख्य लायब्ररीत आणली आणि ‘लिबसी_स्टार्ट_मेन’ या सुरुवातीच्या फंक्शनालाही नवी आवृत्ती दिली. ते फंक्शन प्रत्येक प्रोग्रॅमला लागतं. म्हणून उबुंटू २२.०४ वर, म्हणजे ग्लिबसी २.३५ वर बांधलेलं काहीही डेबियन ११ च्या २.३१ वर चालत नाही. बायनरीला कोणत्या आवृत्त्या हव्यात ते ‘रीडएल्फ डॅश कॅपिटल व्ही’ दाखवतं. उपाय: बोर्डाइतक्या जुन्या वितरणाच्या डॉकर कंटेनरमध्ये क्रॉस-कंपायलर बसवून तिथे बांधणं. छोट्या टीमसाठी मला हाच मार्ग सर्वांत टिकाऊ वाटतो, कारण सगळ्यांकडे तंतोतंत तीच टूलचेन राहते. सगळं स्टॅटिक करण्याचा, म्हणजे लायब्ररी बायनरीतच भरून टाकण्याचा, मोह होतो. ग्लिबसी स्टॅटिक केली की नाव शोधणाऱ्या ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’सारख्या फंक्शनांना चालताना तीच आवृत्ती पुन्हा लागते. स्टॅटिकच हवं असेल तर मसलची टूलचेन घ्या.

‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’साठी बोर्डापर्यंत जायचीही गरज नाही. ‘क्यूएमू-आर्म’ला, म्हणजे आर्म प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, ‘डॅश कॅपिटल एल’ने सिसरूट द्या आणि बायनरी लॅपटॉपवरच चालवा. पण सोबत ‘डॅश सीपीयू आर्म११७६’ द्यायला हवं. काहीच न देता क्यूएमू शक्य तितका समर्थ प्रोसेसर उभा करतो, आणि बोर्डावर कोसळणारी बायनरी तिथे सुरळीत चालते. नेमकी कोणती सूचना अडली ते जीडीबी-मल्टिआर्च या डीबगरमध्ये थांबलेल्या जागेचं डिसअसेंब्ली पाहून कळतं. ती लायब्ररीत असेल तर टूलचेन चुकीची, तुमच्या कोडमध्ये असेल तर फ्लॅग चुकीचा.

मायक्रोकंट्रोलर आणि रिस्क-फाइव्ह

कॉर्टेक्स-एम४ साठी सीपीयू, थंब, एफपीयू आणि फ्लोट-एबीआय हे चारही पर्याय कंपाइल आणि लिंक दोन्ही वेळी सारखेच द्या. लिंकच्या वेळी गाळले तर जीसीसी वेगळ्या एबीआयची लायब्ररी उचलतो. ‘अंडरस्कोर एक्झिट’ किंवा ‘अंडरस्कोर एसब्रेक’ सापडत नाही म्हणाला तर न्यूलिब या मायक्रोकंट्रोलरच्या सी लायब्ररीला खालची ऑपरेटिंग सिस्टीम हवी आहे, ‘नोसिस.स्पेक्स’ द्या किंवा ती फंक्शनं स्वतः लिहा. हार्ड-फ्लोट कोड पहिल्याच गुणाकाराला हार्डफॉल्टमध्ये गेला तर टूलचेनला दोष देण्याआधी सीपीएसीआर रजिस्टरमधून एफपीयू चालू केलाय का ते पाहा. रीसेटनंतर तो बंद असतो.

सीमेकने इथे सुरुवातीलाच ‘कंपायलर चालत नाही’ म्हटलं तर ‘ट्राय कंपाइल टार्गेट टाइप’ला ‘स्टॅटिक लायब्ररी’ द्या. तो पूर्ण प्रोग्रॅम लिंक करून बघत असतो, आणि लिंकर स्क्रिप्टशिवाय ते होत नाही.

रिस्क-फाइव्हमध्ये प्रोसेसरच्या नावातलं एकेक अक्षर मोलाचं आहे. सी-डॅक म्हटलं की पुण्यात ‘परम’ महासंगणक आठवतो; त्याच संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राच्या वेगा मालिकेतली थेजस३२ ही चिप, एरीज बोर्डावरची, आरव्ही३२आयएम आहे. तिच्यात ‘सी’ म्हणजे आखूड सूचना नाहीत आणि ‘ए’ म्हणजे अ‍ॅटॉमिकही नाहीत. नेटवरच्या उदाहरणांतलं आरव्ही३२आयएमएसी तसंच उचललं तर ती अडखळणारच. एमआर्चला आरव्ही३२आयएम आणि एबीआयला आयएलपी३२ द्या, आणि ‘डॅश प्रिंट-मल्टि-लिब’ने त्या जोडीची लायब्ररी टूलचेनमध्ये आहे याची खात्री करा.

जुना कोड नव्या टूलचेनवर आणला की ‘सीएसआरआर’सारख्या सूचना ओळखता येत नाहीत, ‘झिसीएसआर’ हवं, अशी तक्रार येते. आधी हा भाग ‘आय’मध्येच धरला जायचा, २०१९ च्या विनिर्देशात तो वेगळा निघाला आणि २०२२ मध्ये बिनयूटिल्स २.३८ ने तीच पद्धत मूळ मानली. एमआर्चच्या शेवटी अंडरस्कोर देऊन ‘झिसीएसआर’ जोडा. उबुंटूचं ‘जीसीसी-रिस्कव्ही६४-अननोन-एल्फ’ पॅकेज सी लायब्ररीविना येतं, ‘एसटीडीआयओ.एच’ सापडत नाही ते म्हणून. पिकोलिबसी या छोट्या सी लायब्ररीचं पॅकेज सोबत बसवा.

कंपाइल होऊन चालतं, पण उत्तर चुकतं

या चुका सर्वांत महाग पडतात, कारण कोणी ओरडत नाही. इंटेलवर नुसता ‘चार’ चिन्हासहित असतो. लिनक्सवरच्या आर्म, रिस्क-फाइव्ह आणि पॉवरपीसीवर तो चिन्हाविना. ‘गेटचार’चं उत्तर ‘चार’मध्ये ठेवून ‘ईओएफ’शी ताडणारा लूप लॅपटॉपवर थांबतो आणि बोर्डावर कधीच थांबत नाही. कोड सुधारून ‘इंट’ वापरा. जुना मोठा कोड असेल तर तोवर ‘डॅश एफसाइन्ड-चार’. ‘लाँग’ ३२ बिटांच्या लिनक्सवर ४ बाइटांचा आणि ६४ वर ८ चा, म्हणून फाइलीत किंवा नेटवर्कवर जाणाऱ्या प्रत्येक स्ट्रक्चरमध्ये ‘इंट३२_टी’सारखे ठरावीक मापाचे प्रकार वापरा.

आणि वेळ. ३२ बिटांच्या बोर्डावर ‘टाइम_टी’ ३२ बिटांचा असेल तर १९ जानेवारी २०३८ ला तो ओसंडतो. आज बसवलेला कारखान्यातला कंट्रोलर तोवर सहज चालू असेल. मसल १.२.० पासून तो ६४ बिटांचा आहे. ग्लिबसीत २.३४ पासून ‘टाइम_बिट्स’ आणि ‘फाइल_ऑफसेट_बिट्स’ या दोन्ही व्याख्या ६४ द्याव्या लागतात. तुमच्या कोडला आणि तुम्ही बांधत असलेल्या प्रत्येक लायब्ररीला त्या एकदमच द्या. अर्ध्या भागाला दिल्या तर एकाच स्ट्रक्चरची दोन मापं होतात, आणि लिंकर त्याबद्दल काहीच बोलत नाही.